इस्तंबूलचा इस्तिक्लाल रस्ता पायी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्तंबूलला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी आया सोफिया, निळी मशीद आणि ग्रँड बाजार पाहतात आणि एखादी संध्याकाळ इस्तिक्लाल रस्त्यावर घालवतात. त्या संध्याकाळी गर्दी दिसते, झगमगाट दिसतो, पण रस्ता पाहायचा राहून जातो. तो कसा पाहावा, याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

हा रस्ता नेमका कुठे आहे? किती लांब आहे?

इस्तंबूलच्या युरोपीय भागात, गोल्डन हॉर्न खाडीच्या उत्तरेला बेयोलू नावाचा भाग आहे. तिथल्या ताक्सिम चौकापासून त्युनेल चौकापर्यंत इस्तिक्लाल जाद्देसी हा सुमारे १.४ किलोमीटरचा रस्ता जातो. १९९० पासून तो पादचाऱ्यांसाठी राखीव आहे. तरीही अगदी निर्धास्त चालू नका: मधून लाल ट्राम जाते, पोलिसांच्या आणि पालिकेच्या गाड्या येतात आणि सकाळी लवकर माल उतरवणारे टेम्पो असतात.

ताक्सिमकडून सुरुवात करावी की त्युनेलकडून?

ताक्सिमकडून. मुख्य रस्ता जवळपास सपाट आहे, पण त्युनेल चौकाच्या पुढे गलाता मनोऱ्याकडे आणि तिथून काराकॉयच्या धक्क्याकडे जाणारा उतार चांगलाच तीव्र आहे. ताक्सिमकडून निघालात तर हा सगळा भाग उतरणीचा मिळतो. उलट दिशेने आलात तर इस्तिक्लालवर पाय ठेवण्याआधीच दम लागतो.

काराकॉयकडूनच यायचं असेल तर तो चढ पायी चढू नका. त्युनेल नावाचीच भुयारी केबल रेल्वे दीड मिनिटात वर आणून सोडते.

किती वेळ ठेवावा आणि कधी जावं?

न थांबता चाललात तर वीस-पंचवीस मिनिटांत रस्ता संपतो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. पासाज (म्हणजे दुकानांच्या छपराखालच्या गल्ल्या), दोन चर्च आणि एखादं संग्रहालय बघत काराकॉयला उतरायचं असेल तर चार ते पाच तास हाताशी हवेत.

सकाळी साडेनऊ-दहाला ताक्सिमला पोहोचणं सर्वांत चांगलं. इमारतींचे दर्शनी भाग नीट दिसतात, फोटोत माणसांची भिंत येत नाही, दुकानंही तेव्हाच उघडू लागतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी मात्र दिवाळीच्या आदल्या दिवशीचा लक्ष्मी रोड आठवावा एवढी गर्दी असते. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून तो दिवस टाळा.

१ मे आणि ८ मार्च या तारखांना ताक्सिमकडे जाणारे रस्ते आणि मेट्रो स्थानकं बहुधा बंद ठेवली जातात. इतर दिवशीही निदर्शनांमुळे अचानक अडथळे उभे राहू शकतात. अशा वेळी वाद न घालता त्युनेलजवळच्या शिशाने मेट्रो स्थानकाकडून किंवा काराकॉयकडून यावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये या रस्त्यावर बॉम्बस्फोट झाला होता, त्यामुळे पोलिसांचा वावर कायम असतो. पासपोर्टची छायाप्रत खिशात ठेवा.

सुलतानअहमेतहून किंवा विमानतळाहून कसं पोहोचायचं?

सुलतानअहमेतहून टी-१ ट्राम पकडा. काबाताश या शेवटच्या स्थानकावर उतरून तिथल्या भुयारी केबल रेल्वेने, म्हणजे एफ-१ ने, थेट ताक्सिम गाठता येतं. त्युनेलच्या टोकाला जायचं असेल तर त्याच ट्रामने चौथ्या थांब्यावर, काराकॉयला उतरा.

विमानतळाहून एम-११ मेट्रोने गायरेत्तेपे आणि तिथे बदलून एम-२ ने तिसरं स्थानक ताक्सिम. गायरेत्तेपेला गाडी बदलताना बरंच चालावं लागतं, मोठ्या बॅगा असतील तर हावाइस्ट कंपनीची ताक्सिमला येणारी बस सोयीची. बस मात्र वाहतूककोंडीत कधी अडकेल याचा भरवसा नाही.

इस्तंबूलकार्ट घ्यावं लागेल का?

हो, मेट्रो, ट्राम, केबल रेल्वे, बस आणि बोटी या सगळ्यांना तेच कार्ड चालतं. स्थानकांवरच्या यंत्रांतून मिळतं, भाषा बदलून इंग्रजी करता येते. यंत्र सुटे पैसे परत देत नाही, म्हणून मोठी नोट आत सरकवण्याआधी विचार करा: दिली तेवढी सगळी रक्कम कार्डावर जमा होते. यंत्राजवळ उभी असलेली एखादी अनोळखी व्यक्ती ‘मदत’ करायला आली तर नम्रपणे नको म्हणा. लिराचे दर आणि भाडी वरचेवर बदलतात, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे धरून हिशेब करू नका.

लाल ट्राममध्ये बसण्यात अर्थ आहे का?

प्रवास म्हणून नाही, गंमत म्हणून आहे. शहराच्या युरोपीय भागातल्या जुन्या ट्राम १९६१ मध्ये बंद झाल्या. रस्ता पादचाऱ्यांना दिल्यावर १९९० च्या डिसेंबरात ही मार्गिका पुन्हा सुरू झाली. रूळ एकेरी आहे. दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या मध्यावर, गालातासराय चौकाजवळ. फोटो काढायचा असेल तर तिथेच थांबा, दोन्ही ट्राम शेजारी-शेजारी सापडतात.

गाडीच्या मागे लोंबकळणारी मुलं दिसतील. त्यांचं बघून तुम्ही तसं करू नका. ट्रामचा वेग कमी असला तरी गर्दीत उतरताना पाय रुळाच्या खाचेत अडकतो. रुळांमध्ये उभं राहून फोटो काढणाऱ्यांना चालकाची घंटा ऐकू न येणं हेही नेहमीचंच.

“आम्हाला तर फक्त कपड्यांची दुकानं दिसली.” मग पाहायचं काय?

तळमजल्यावर खरोखरच तेच आहे: जगभर दिसणाऱ्या ब्रँडच्या पाट्या. हा रस्ता पाटीच्या वर सुरू होतो आणि दारांच्या आत. दर पन्नास पावलांवर थांबून मान वर करा, आणि कमानीचं उघडं दार दिसलं की आत शिरा.

ताक्सिम चौकातून निघतानाच कोपऱ्यावरची दगडी अष्टकोनी वास्तू बघा. लोक तिच्याकडे पाठ करून एकमेकांची वाट बघत असतात. उत्तरेकडच्या जंगलातल्या धरणांमधून आणलेलं पाणी शहराच्या वेगवेगळ्या भागांत वाटून देण्याचं हे ठिकाण, १७३२-३३ च्या सुमाराचं, सुलतान पहिला महमूद याच्या काळातलं. दर्शनी भागावर दगडात कोरलेली पक्ष्यांची छोटी घरं आहेत. ऑटोमन स्थापत्यात इमारतींवर अशी घरटी बांधण्याची सुंदर पद्धत होती.

चौकातलं प्रजासत्ताक स्मारक १९२८ चं, इटालियन शिल्पकार पिएत्रो कानोनिका याचं. त्याच्या एका बाजूला तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या मागे दोन सोव्हिएत लष्करी नेतेही उभे आहेत. तुर्कस्तानच्या स्वातंत्र्ययुद्धात सोव्हिएत रशियाने केलेल्या मदतीची ती पोच. जवळच आया त्रियादा या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचा घुमट दिसतो. १८८० च्या या चर्चला घुमट आहे, हीच त्याची विशेष गोष्ट: त्याआधी ऑटोमन राजवटीत नव्या चर्चना घुमट बांधायची मुभा नव्हती.

पुढे उजव्या हाताला हुसेयिन आगा मशीद. सोळाव्या शतकाच्या अखेरची ही छोटी मशीद दुकानांच्या रांगेत सहज निसटते. अंगणात शांतता मिळते. बुटं काढा, बायकांनी डोकं झाका.

गालातासराय चौकात भव्य फाटकामागे गालातासराय शाळा आहे, जिची परंपरा १४८१ पर्यंत मागे जाते. चौकातच पोलादी नळ्यांचा एक उभा झुबका आहे. कोणी लक्ष देत नाही, पण ते तुर्की प्रजासत्ताकाच्या पन्नाशीचं, १९७३ चं स्मारक आहे, शिल्पकार शादी चालिक.

इथून त्युनेलकडे जाताना डाव्या बाजूला लाल विटांचं सेंट अँटनी चर्च आत सरकून उभं आहे. १९०६ ते १९१२ या काळात बांधलेलं हे इस्तंबूलमधलं सर्वांत मोठं कॅथलिक चर्च. पुढे पोप तेविसावे जॉन झालेले अँजेलो रोंकाल्ली तुर्कस्तानात व्हॅटिकनचे प्रतिनिधी असताना इथे प्रवचन देत; अंगणात त्यांचा पुतळा आहे. मेणबत्ती लावणाऱ्यांत मुस्लिम बायकाही मोठ्या संख्येने दिसतात. गोव्यात सेंट अँटनीला नवस बोलणाऱ्यांना हे वातावरण फार ओळखीचं वाटेल. प्रार्थना चालू असेल तर फोन खिशात.

शेजारीच मिसिर अपार्टमेंट, १९१० ची. तुर्की राष्ट्रगीताचे कवी मेहमेत आकिफ एर्सोय यांचं १९३६ मध्ये इथेच निधन झालं. त्युनेल जवळ आल्यावर बॉटर अपार्टमेंट शोधा. सुलतान दुसरा अब्दुलहमीद याच्या डच शिंप्यासाठी रायमोंदो दारोंको या इटालियन वास्तुकाराने ती १९००-०१ मध्ये बांधली. बाल्कनीच्या लोखंडी जाळीतली गुलाबं आणि दगडातले चेहरे निरखून पाहण्यासारखे आहेत. बरीच वर्षं ती पडीक होती. २०२३ मध्ये पालिकेने दुरुस्त करून कलाकेंद्र म्हणून उघडली.

पासाज म्हणजे काय आणि कोणते चुकवू नयेत?

दोन रस्त्यांना जोडणारी, वर छप्पर किंवा काच असलेली दुकानांची गल्ली. १८७० च्या मोठ्या आगीत या भागातली बहुतांश लाकडी घरं जळाली. त्यानंतर दगड-विटांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या पोटातच हे पासाज आहेत.

चिचेक पासाज सगळ्यांत प्रसिद्ध. आगीत जळालेल्या नाऊम थिएटरच्या जागी १८७६ मध्ये तो उभा राहिला. पुढे फुलांची दुकानं आली, मग मद्यगृहं. १९७८ मध्ये इमारतीचा भाग कोसळला, दुरुस्तीनंतर १९८८ मध्ये पुन्हा उघडला. आज आत सगळी रेस्टॉरंटं आहेत आणि दारात बोलावणारे वेटर. छत बघा, फोटो काढा आणि जेवायला दुसरीकडे जा.

त्याच्या बाजूच्या मासळी बाजारातून अवरुपा पासाजमध्ये शिरा. १८७४ चा हा पासाज आरशांसाठी ओळखला जातो: गॅसच्या दिव्यांचा उजेड वाढावा म्हणून ते लावले होते. जवळच अस्लिहान पासाजमध्ये जुनी पुस्तकं, पोस्टकार्डं आणि तुर्की सिनेमांची पोस्टरं मिळतात. घासाघीस चालते, पण नम्रपणे.

हाझ्झोपुलो पासाज १८७१ चा. अरुंद वाटेतून आत गेलं की उघडं अंगण, बुटकी स्टुलं आणि चहा. पाय दुखू लागतात तेव्हा बसावं ते इथे. त्युनेलच्या बाजूचा सुरिये पासाज १९०८ चा आहे. आत जाऊन मधोमध उभं राहून वर बघा. पासाजला बहुधा दोन दारं असतात. दुसऱ्या दाराने बाहेर पडलात तर दिशा चुकते, म्हणून आलात त्याच दाराने परत या.

इथल्या इमारतींना फ्रेंच, ग्रीक, आर्मेनियन नावं का?

पेरा या नावाने ओळखला जाणारा हा भाग ऑटोमन काळात परदेशी वकिलातींचा आणि ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि लेव्हंटाइन (म्हणजे इथे स्थायिक झालेल्या युरोपीय वंशाच्या) व्यापाऱ्यांचा. रस्त्याला ‘ग्राँद र्यू द पेरा’ म्हणत. प्रजासत्ताक आल्यावर राजधानी अंकाराला गेली आणि वकिलातींचे महाल वाणिज्य दूतावास झाले. स्वीडन, रशिया, नेदरलँड्स, फ्रान्स यांच्या इमारती अजून इथेच आहेत.

मग १९४२ चा संपत्ती कर आला, जो मुस्लिमेतरांवर अवाच्या सवा लादला गेला. ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ ला जमावाने याच रस्त्यावरची ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू दुकानं फोडली. कापडाचे तागे आणि फ्रिज रस्त्यावर पडल्याची छायाचित्रं आहेत. त्यानंतर बहुतेक ग्रीक कुटुंबं शहर सोडून गेली. दारावर कोरलेली नावं राहिली, माणसं गेली. ती नावं वाचत चाला. या रस्त्याला तेवढा मान द्यायलाच हवा.

आडगल्लीत काय विलक्षण आहे?

चुकुरजुमाच्या उतारावर नोबेल विजेते ओरहान पामुक यांनी २०१२ मध्ये उघडलेलं ‘म्युझियम ऑफ इनोसन्स’. त्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीतल्या काल्पनिक माणसांच्या वस्तू इथे खऱ्याखुऱ्या मांडल्या आहेत. तळमजल्याच्या भिंतीवर नायिकेने ओढलेल्या ४,२१३ सिगारेटची थोटकं टाचली आहेत. कादंबरी न वाचताही हे संग्रहालय आवडतं, वाचली असेल तर तासभर पुरत नाही.

पेरा म्युझियममध्ये उस्मान हमदी बे यांचं १९०६ चं चित्र आहे: लाल झगा घातलेला म्हातारा, हातात बासरी, पायाशी कासवं. कासवांना शिस्त लावू पाहणारा तो माणूस बघत लोक बराच वेळ उभे राहतात. शेजारचं पेरा पॅलेस हॉटेल १८९२ चं; त्याची विजेवर चालणारी जुनी लिफ्ट बघण्यासारखी आहे आणि अतातुर्क राहत ती १०१ क्रमांकाची खोली संग्रहालय म्हणून ठेवली आहे.

त्युनेल चौकानंतर काय?

रस्ता इथे संपतो आणि खरी मजा वाढते. आधी त्युनेलचं स्थानक बघा. १७ जानेवारी १८७५ ला सुरू झालेली ५७३ मीटरची ही रेल्वे लंडननंतरची जगातली दुसरी सर्वांत जुनी शहरी भुयारी रेल्वे. सुरुवातीला ती वाफेवर चालायची आणि एका डब्यातून माल आणि जनावरंही जात.

तिथून गालिप देदे हा वाद्यांच्या दुकानांचा उतार. बागलामा, ऊद, दरबुका, नेय, इस्तंबूलची हाताने ठोकलेली झांज. उतरताना डाव्या हाताला १४९१ चं गलाता मेव्लेवीहाने, सुफी दर्वेशांचा मठ. आता संग्रहालय आहे. अंगणातल्या दफनभूमीत इब्राहिम म्युतेफेर्रिका याचं थडगं आहे, ज्याने १७२९ मध्ये छापखान्यातून पहिलं तुर्की पुस्तक काढलं. फिरत्या दर्वेशांचा कार्यक्रम रोज नसतो, दारावरची सूचना पाहून तिकीट घ्या.

गलाता मनोरा इटलीतल्या जिनोआच्या लोकांनी १३४८ मध्ये बांधला. परदेशी पर्यटकांना तिकीट महाग आहे आणि रांग मोठी. देखावा छान आहे, पण वेळ आणि पैसे यांपैकी एक जरी कमी असेल तर मनोऱ्याच्या पायथ्यावर समाधान माना आणि कामोंदो पायऱ्यांकडे उतरा. कामोंदो या ज्यू सावकार घराण्याने एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या पायऱ्या एकमेकींना छेदत वळसे घेतात. खाली बँकांचा रस्ता. तिथल्या जुन्या ऑटोमन बँकेच्या १८९२ च्या इमारतीत सॉल्ट गलाता हे कलाकेंद्र आहे, प्रवेश विनामूल्य. नंतर पाच मिनिटांत काराकॉयचा धक्का.

शाकाहारी माणसाने रस्त्यावर काय खावं? बीफ कसं टाळावं?

सिमित म्हणजे तीळ लावलेलं गोल कुरकुरीत पावाचं कडं, भाजलेलं चेस्टनट, उकडलेलं किंवा भाजलेलं मक्याचं कणीस: हे बिनधास्त. ग्योझ्लेमे ही सारण भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी. ‘पेयनिर्ली’ म्हणजे चीजची, ‘पातातेस्ली’ बटाट्याची, ‘इस्पानाक्ली’ पालकाची. सोबत आयरान, म्हणजे खारं ताक. दुकानांत मिळणारं ची क्योफ्ते गव्हाच्या दलियाचं असतं, नावावरून मांसाचं वाटलं तरी त्यात मांस नसतं, तिखट मात्र असतं. कुंपीर म्हणजे भाजलेला मोठा बटाटा, वर भरायचं काय ते तुम्ही सांगायचं. सॉसेज नको म्हणा.

मेर्जिमेक हे मसुराचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. ‘एत सुयू वार मी?’ असं विचारा.

दोनेरमध्ये, म्हणजे उभ्या सळीवर भाजून कापलेल्या मांसात, ‘एत’ म्हणजे बहुधा बीफ किंवा मेंढी, ‘तावुक’ म्हणजे चिकन. ‘दाना’ आणि ‘सिगिर’ म्हणजे गोमांस, ‘कुझू’ म्हणजे कोकरू. ताक्सिमच्या टोकाला काचेच्या वाफाळत्या पेटीत ठेवलेले लाल, ओलसर हॅम्बर्गर दिसतात, ते बीफचे. कोकोरेच म्हणजे कोकराची भाजलेली आतडी. मिद्ये दोल्मा म्हणजे भात भरलेले शिणाणे, लिंबू पिळून खातात. चव उत्तम, पण उन्हाळ्यात उघड्या ताटात तासन् तास ठेवलेले असतील तर पोट बिघडतं. भराभर खपणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या.

आइस्क्रीमवाला कोन देतो आणि काढून घेतो. रागवायचं का?

मुळीच नाही. मराश पद्धतीचं दोन्दुर्मा सालेप नावाच्या ऑर्किडच्या कंदाची पूड आणि मस्तकी नावाचा सुगंधी डिंक घालून घोटतात. त्यामुळे ते चिवट होतं, लवकर वितळत नाही आणि लांब दांड्याला चिकटून उलटंही राहतं. सगळा खेळ त्यावरच. लहान मुलं कधीकधी रडकुंडीला येतात. विक्रेत्याला खूण केली की तो आवरतं घेतो. किंमत मात्र आधी विचारा, किती गोळे तेही ठरवा.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार कोणते?

बूटपॉलिशवाला पुढे चालताना ब्रश पाडतो. तुम्ही उचलून देता, तो आभार म्हणून बूट पुसू लागतो आणि शेवटी भरमसाट पैसे मागतो. ब्रश पडलेला दिसला तर हाक मारा, उचलू नका.

एकट्या पुरुषाला गाठून ‘मीही पर्यटकच’ म्हणत गप्पा सुरू होतात, मग ‘चल, एक बिअर घेऊ’. आतल्या गल्लीतल्या बारमध्ये हजारो लिरांचं बिल येतं आणि दारात धिप्पाड माणसं उभी असतात. अनोळखी माणसाने निवडलेल्या जागी जाऊच नका. रेस्टॉरंटमध्ये किमती नसलेला मेन्यू दिला तर उठा. टॅक्सीत मीटर चालू झालाय ना बघा आणि नोट देताना तिची रक्कम मोठ्याने सांगा, कारण नोट बदलून ‘लहान दिली’ म्हणण्याचा प्रकार होतो.

मांजरं आणि कुत्री हात लावण्याजोगी असतात का?

मांजरं जागोजागी आहेत, दुकानदार त्यांना पाणी-खाऊ ठेवतात आणि पुस्तकांच्या ढिगावर झोपू देतात. जवळ आलं तर कुरवाळा, झोपलेल्याला उठवू नका. कुत्र्याच्या कानाला प्लॅस्टिकचा बिल्ला असेल तर पालिकेने त्याला लस दिलेली असते. तरीही ओरखडा किंवा चावा झाला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्या.

आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का?

मुख्य रस्ता जमेल. फरशी सपाट आहे, पावसात निसरडी होते. बसायला बाक कमी, त्यामुळे दर अर्ध्या तासाला चहाची जागा धरा. गालिप देदेचा उतार आणि कामोंदो पायऱ्या त्यांच्यासाठी टाळा: त्युनेल रेल्वेने खाली पाठवा आणि काराकॉयच्या धक्क्यावर भेटा. शिशाने मेट्रो स्थानक फार खोल आहे, सरकते जिने बंद असतील तर लिफ्ट शोधावी लागते. स्वच्छतागृहं मशिदींजवळ आणि मॉलमध्ये मिळतात. सार्वजनिक ठिकाणी पैसे पडतात. दारावर ‘बाय’ पुरुषांसाठी, ‘बायान’ बायकांसाठी. आपल्याकडच्या ‘बाय’शी गल्लत करू नका.

युरोप-अमेरिकेला जाताना इस्तंबूलला विमान बदलतो. मधल्या वेळात हा रस्ता होईल का?

मध्ये किमान नऊ तास असतील तर होईल. बाहेर पडायला आणि सामान ठेवायला तास-दीड तास, मेट्रोने जायला सव्वा तास, परतीला तेवढाच आणि उड्डाणाआधी तीन तास विमानतळावर. उरलेल्या दोन-अडीच तासांत ताक्सिम ते त्युनेल आणि दोन पासाज होतात. गलाता मनोरा वगळा. परत येताना शिशानेहूनच एम-२ पकडा, पुन्हा ताक्सिमपर्यंत चालण्यात वेळ घालवू नका.

विमानतळाबाहेर पडायला भारतीय पासपोर्टवर तुर्की व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशाचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असेल तर सरकारी संकेतस्थळावरून ई-व्हिसा काढता येतो. नसेल तर व्हिसा भारतातूनच घ्यावा लागतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जादा पैसे घेतात, पत्ता तपासून मगच कार्डाचा नंबर टाका. वेळेचा हिशेब करताना इस्तंबूलचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास मागे आहे, हेही धरा.